सी ब्लॉकचे तहहयात जीएस

खटावकर आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलचे जनरल सेक्रेटरी म्हणून एका वर्षासाठी निवडून आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक व्हायची होती, पण मेसमध्ये आमटीवरून मारामारी झाली आणि रेक्टरांनी निवडणुकाच बंद करून टाकल्या. त्यामुळे, खटावकरांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांच्याकडून चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. चार्ज दिल्याशिवाय पद सोडणं हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मधल्या काळात त्यांनी पदवी घेतली, लग्न केलं, मुलगी झाली, नोकरीसाठी टोकियोला आले आणि डोक्यावरचे निम्मे केस गेले. पद मात्र गेलं नाही. ते अजूनही सी ब्लॉकचे जीएस आहेत.

चार्ज म्हणजे काय, तर मेसमधला वरणाचा डाव. हातभर लांब, ॲल्युमिनियमचा, दांड्यावर खिळ्याने 'सी ब्लॉक' असं कोरलेलं. कॉलेज सोडताना तो कोणाकडे द्यायचा हा प्रश्न होता, म्हणून त्यांनी तो आपल्याबरोबर घेतला. याला इतर लोक चोरी म्हणतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते टोकियोतल्या ओजिमा स्टेशनच्या दारात, तो डाव हातात धरून उभे असताना. मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. इथले कितीतरी भारतीय घाबरून परत गेले होते आणि आम्ही नवराबायको नेमके तेव्हाच दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन येऊन पोचलो होतो. मला वाटलं, एखाद्या इंडियन हॉटेलची जाहिरात असेल. तर ते गृहस्थ सरळ माझ्यासमोर आले.

"शिल्पा जाधव? लेडीज हॉस्टेल?"

मी घाबरून हो म्हटलं.

"मी जीएस, सी ब्लॉक. लेडीज हॉस्टेल आपल्याला संलग्न आहे. मताचा अधिकार नाही तुला, पण कांदे चिरता येतील."

आमच्या कॉलेजचं कोणीही जपानच्या विमानात बसलं की या माणसाला कुठून वास लागतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी दोन्हीतली जड बॅग उचलली, घरापर्यंत आले, पिशवीतून तांदूळ, मोहरी आणि हळद काढून ओट्यावर ठेवली आणि मग कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा यावर तासभर व्याख्यान दिलं. जाताना माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "हे कुठल्या कॉलेजचे?" त्याने नाव सांगितलं. खटावकरांचा चेहरा पडला. "हरकत नाही," ते म्हणाले, "पाहुणे म्हणून येत जा." माझा नवरा आजही ब्लॉकमध्ये पाहुणाच आहे. बटाटे मात्र सगळ्यात जास्त त्याच्याकडूनच सोलून घेतले जातात.

ब्लॉक म्हणजे टोकियोत असलेले आमच्या कॉलेजचे आठ-दहा जण. बाहेरचं कोणी याला माजी विद्यार्थ्यांचं मंडळ म्हणालं की खटावकर उसळतात. "विद्यार्थी माजी होतो. ब्लॉकवाला माजी होत नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य आणि त्यावर वाद घातला तर दंड. दंड नेहमी कांद्या-बटाट्यांत. मीटिंगला उशीर झाला, दोन किलो कांदे. मीटिंगमध्ये ऑफिसचा फोन घेतला, तीन किलो बटाटे, उकडून आणि सोलून. मोठमोठ्या कंपन्यांत टीम चालवणारी माणसं शनिवारी दुपारी खटावकरांच्या घरी खाली मान घालून कांदे चिरत बसलेली मी पाहिली आहेत. शशांक तर बँकेत चांगल्या हुद्द्यावर. त्याच्या हाताखालच्या लोकांनी त्याला त्या अवस्थेत बघितलं असतं तर त्याच्या नावापुढे आदराचं 'सान' लावायचं सोडून दिलं असतं.

एवढे कांदे लागायचे कशाला, तर ब्लॉकने एक काम अंगावर घेतलं होतं. भूकंपानंतर समुद्र आत आला आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं पुसली गेली. त्यातल्या एका गावातली उरलेली माणसं शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत राहत होती. बहुतेक म्हातारीकोतारी. खटावकर पहिल्या उन्हाळ्यातच तिथे जाऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं, "या लोकांची मेस बंद पडली आहे. आपण चालवायची." तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन पहाटे निघायचो आणि दुपारी त्या सगळ्यांना गरम जेवण वाढून संध्याकाळी परत फिरायचो.

खर्चासाठी दर उन्हाळ्यात आमच्या वसाहतीच्या जत्रेत बटाटेवड्यांचा स्टॉल लागायचा. वडे आम्ही तळायचो. जीएस चिमटा घेऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे. कोणी कागदी डिश आणि काडी एकाच डब्यात टाकली की ते चिमट्याने काडी बाहेर काढून त्या माणसाच्या हातात परत देत. जपानी माणसाला कचरा वेगळा करायला शिकवणारा हा जगातला पहिला आणि बहुधा शेवटचा भारतीय. पहिल्या वर्षी वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष आमच्या स्टॉलवर पाहणी करायला आले होते. पुढच्या वर्षीपासून ते लांबूनच वाकून नमस्कार करून जाऊ लागले.

तिकडे जेवायला काय न्यायचं यावर पहिल्या मीटिंगला भांडणं झाली होती म्हणे. कोणी पुलाव म्हणालं, कोणी छोले. खटावकरांनी डाव आपटला. "मेसचा बटाट्याचा रस्सा." हा तोच रस्सा, ज्याच्याविरुद्ध आख्ख्या हॉस्टेलने ताटं वाजवत मोर्चा काढला होता आणि त्या मोर्चाच्या जोरावर खटावकर निवडून आले होते. पाणचट, पिवळा, कुठेही तिखटाचं नाव नाही. त्यांनी तो तंतोतंत तसाच केला आणि तिकडच्या आज्या-आजोबांना तो बेहद्द आवडला. दात नसलेल्या माणसांसाठी तो जणू बेतूनच केलेला होता. "बघा," जीएस आम्हाला म्हणाले, "रस्सा चांगलाच होता. तुम्ही लोक तरुण होतात."

त्यांचं जपानी हा वेगळा विषय आहे. इतकी वर्षं राहून त्यांनी एवढंच उचललं की वाक्याच्या शेवटी 'देस' लावायचं असतं. मागचं सगळं मराठी. "बटाटा देस. तिखट नाय देस. अजून घ्या देस." आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचं. जास्त गुंतागुंतीचं काही असलं की मी दुभाषी.

आता 'पंधरा दिवस' सांगायला हवेत. भूकंपानंतरच्या आठवड्यात किरणोत्साराच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा खटावकरांची बायको मेधावहिनी आणि मुलगी सई पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्या. तेवढ्यात वहिनींच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. मग सईचं वर्ष बुडू नये म्हणून तिला तिथल्या शाळेत घातलं. मग ती तिथे रुळली. भांडण नाही, तंटा नाही, दर रविवारी फोनवर एकमेकांचे चेहरे बघणं चालू. खटावकरांनी पुण्यात नोकरी शोधून पाहिली, पण त्यांना येत होतं ते जुनाट काम जगात बहुधा इथल्या त्यांच्या कंपनीतच शिल्लक होतं. त्यामुळे ते इकडे, त्या तिकडे. आणि कोणी विचारलं, "वहिनी कधी येणार?" की उत्तर ठरलेलं. "पंधरा दिवसांसाठी गेल्यात."

आमच्यात ते मापच होऊन गेलं. शशांकचं प्रमोशन जीएसच्या पंधरा दिवसांत होणार होतं. मी जीएसच्या पंधरा दिवसांत वजन कमी करणार होते. हे सगळं त्यांच्या तोंडावर. ते शांतपणे दंड ठोठावायचे आणि आम्ही हसत हसत कांदे उचलायचो.

तर त्या पत्र्याच्या घरांमध्ये कान्नो नावाच्या एक आजी होत्या. ठेंगण्या, कमरेत वाकलेल्या, नवरा आणि घर दोन्ही त्याच एका दुपारी गेलेलं. पहिल्या खेपेला खटावकरांनी त्यांना स्टीलच्या डब्यातून रव्याचे लाडू दिले होते. गोल, घट्ट झाकणाचा साधा डबा. अंगावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, 'सौ. मेधा खटावकर'. पुढच्या खेपेला आजींनी तो लखलखीत घासून, रेशमी रुमालात बांधून परत दिला. आत मुळ्याचं लोणचं.

इथे दोन संस्कृतींची गाठ पडली. जपानी माणसाला कोणी काही दिलं की त्याच्या निम्म्या तरी मोलाचं काहीतरी परत करावं लागतं. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आता खरं तर दोन्ही बाजूंनी आपापले नियम नीट पाळले असते, त्यांनी निम्मं आणि आपण चिमूटभर, तर चार खेपांत प्रकरण मिटलं असतं. पण दोघांनीही लबाडी केली. लोणच्यावर जीएसनी चिवडा दिला, चिवड्यावर आजींनी वाळवलेले मासे दिले. जीएस शाकाहारी, ते मासे माझ्या घरी आले आणि शंकरपाळे माझ्या घरून गेले. मग समुद्री शेवाळ, मग चकल्या, मग वाळवलेली फळं. डबा वर्षानुवर्षं टोकियो आणि किनारा यांच्यामध्ये फिरत राहिला. जीएस व्हॅनमध्ये तो मांडीवर घेऊन बसत. इतर सामान मागे.

एका हिवाळ्यात जीएसना फ्लू झाला. इथे फ्लू झालेल्या माणसाला ऑफिसातही घेत नाहीत, मग व्हॅनमध्ये कोण घेणार. मी आणि शशांक निघालो. डबा त्यांच्याकडे होता. आदल्या दिवशी अंगात ताप असताना त्यांनी तो दाराबाहेर ठेवून दिला आणि मला फोन केला. "काही करणं झालं नाही. रिकामा जायला नको म्हणून चमचाभर साखर घातली आहे. आजींना दे."

मी दिला. आजींनी झाकण उघडलं, तळाशी पडलेली साखर पाहिली, झाकण लावलं आणि मला हळूच विचारलं, "खटावकर-सान आले नाहीत?"

"बरं नाहीये त्यांना," मी म्हटलं. "घरी एकटेच आहेत."

आजी डबा घेऊन बाकीच्या बायकांकडे गेल्या. सगळ्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ कुजबुज चालली होती. मला वाटलं, जपानी माणसं बोलतात तसं हवेबद्दल बोलत असतील.

पुढच्या आठवड्यात कुरिअरवाल्याने खटावकरांच्या दारात तीन खोकी आणून ठेवली. तांदळाचं पोतं, संत्री, सूपची पाकिटं, लोकरीचे मोजे आणि हाताने विणलेल्या तीन टोप्या, एक मोठी, एक मधली, एक लहान. ते काय आहे हे कळायच्या आधीच मला आजींचा फोन आला. "खटावकर-सानना सांगा, लाजू नका. आम्हालाही घ्यावं लागलं. पहिल्यांदा जड जातं. मग सवय होते."

आमच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. डब्यात नुसती साखर आली म्हणजे या माणसाच्या घरात दुसरं काही उरलेलं नाही असा त्यांनी अर्थ लावला होता. संकटात सापडलेल्या माणसांनी आपापसात गोळा करून आम्हाला मदत पाठवली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शशांक हसता हसता खुर्चीवरून घसरला. जीएसनी मात्र तातडीची मीटिंग बोलावली. "ब्लॉकची अब्रू गेली," ते म्हणाले. अजून खोकत होते. "आपण मेस चालवतो की भीक मागतो? हे परत करा."

"परत केलं तर त्यांचा अपमान होईल," मी म्हटलं.

"मग फोन करून सांग, आमचं बरं चाललंय."

मी फोन उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "नको. स्पष्टीकरण समक्ष."

पुढच्या खेपेला त्यांनी जेवणाआधी सगळ्यांना त्या वस्तीतल्या सभेच्या खोलीत बसवलं. पंधरा-वीस आज्या, चार आजोबा, मध्ये हीटर आणि समोर डाव घेतलेले खटावकर. त्यांनी घसा खाकरला. "गरीब नाय देस. साखर, रीत देस." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहून समजावलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, घाईत काही नसलं तर साखर घालतात, यात अडचण वगैरे काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला असता, पण कान्नो आजींनी विचारलं, "रिकामं का द्यायचं नाही?"

आता याला आपल्याकडे कुठे उत्तर असतं? आई देत नव्हती म्हणून आपण देत नाही. मी जीएसकडे पाहिलं. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला नियम असतो. ते डावाच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, रिकामा डबा बघवत नाही."

मी सांगितलं. "कोणाला?" आजींनी विचारलं.

"मला," जीएस म्हणाले. "मेधा जाताना लाडू करून गेली होती, पंधरा दिवस पुरतील एवढे. ते संपले. मग डबा नुसता ओट्यावर असायचा. सकाळी चहा करताना दिसायचा, रात्री पाणी प्यायला उठलो की दिसायचा. म्हणून तिला फोनवर विचारून लाडू केले आणि इकडे घेऊन आलो."

हे मला जपानीत सांगायचं होतं. मराठीत जीएसचं बोलणं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, म्हणजे खरं तर ऐकत नव्हतो, कुठे हसायचं तेवढं बघत होतो. आता त्यातला एकेक शब्द उचलून दुसऱ्या भाषेत ठेवायचा म्हटल्यावर तो हातात घ्यावा लागला. शशांक खिडकीबाहेर बघायला लागला.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचे डबे सगळे वाहून गेले. लोकांनी खूप दिलं, पण परत द्यायला हातात काही नव्हतं. तुमचा डबा आला तेव्हा मला बरं वाटलं. कोणाला तरी काहीतरी परत द्यायचंय, म्हणजे मी अजून घर चालवते आहे." आणि मग त्यांनी त्या ठिपक्यांच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, इथे काय लिहिलंय. मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मे-दा-सान.

त्यानंतर मी निदान पंधरा दिवसांचे विनोद करायचे सोडले.

वर्षं गेली. टेकडीवर सरकारने पक्क्या इमारती बांधल्या आणि पत्र्याच्या घरांतली माणसं एकेक करून तिकडे जायला लागली. शाळेला आपलं मैदान परत हवं होतं. एका मीटिंगला शशांकने विषय काढलाच. "जीएस, आता बास करू या. त्यांना स्वयंपाकघरं मिळाली. मेस चालवायची गरज राहिली नाही. हे चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं," जीएस म्हणाले.

"मग पुढची खेप शेवटची. कान्नो आजींकडे डबा आहे, तो घेऊन येऊ. त्या परत देणारच. हे लोक घर बदलायच्या आधी सगळ्यांचं सगळं परत करतात."

जीएसनी दंड केला नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कारण असं कधी झालं नव्हतं.

खेपेच्या आदल्या दिवशी मी मोठं पातेलं आणायला त्यांच्या घरी गेले. दाराशी त्यांचे बूट होते आणि शेजारी सईचे, शाळेत आत घालायचे पांढरे कापडी. माझ्या तळहाताएवढे. सई आता त्यांच्या खांद्याला लागत होती, दहावीला होती, जपानी विसरली होती. वर खुंटीला त्या तीन टोप्या टांगलेल्या. मोठी वापरून मळलेली, बाकीच्या दोन कोऱ्या. मी बूट ओलांडून आत गेले आणि पातेलं उचललं.

"जीएस, पुढच्या महिन्यापासून शनिवारी काय करणार?" मी उगाचच विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "कचऱ्याचं पण बघायला पाहिजे. खालच्या मजल्यावरचे लोक बाटल्यांची झाकणं काढत नाहीत."

मला या माणसाची इतकी वर्षं गंमत वाटत होती. त्या दिवशी वाटली नाही. ऑफिस सोडलं तर जगात ती एकच जागा होती जिथे कोणीतरी त्यांची वाट बघत असे आणि ती आम्ही बंद करायला निघालो होतो.

माझ्याकडे एक गुपित होतं, पण ते अगदीच लहान होतं. दोन आठवड्यांपूर्वी कान्नो आजींनी मला फोन करून रव्याच्या लाडवांची कृती विचारली होती आणि मी त्यांना रवा, वेलची आणि तूप कुरिअरने पाठवलं होतं. एवढंच. पुढचं मला माहीत नव्हतं.

शेवटच्या खेपेला रस्सा नेहमीसारखाच झाला. सगळे पोटभर जेवले. निम्मी घरं रिकामी होती, पडदे काढलेल्या खिडक्यांमधून पलीकडचं दिसत होतं. निघायची वेळ झाली तेव्हा कान्नो आजी आपल्या दारातून रेशमी रुमालाचं गाठोडं घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी जीएसच्या पुढे धरलं. जीएसनी ते घेतलं. घेताना त्यांनी वजनाचा अंदाज घेतला हे मी पाहिलं. रिकामा नव्हता. त्यांनी खाली वाकून नमस्कार केला, पण त्यांचा चेहरा डबा मिळालेल्या माणसाचा नव्हता.

"उघडा," आजी म्हणाल्या.

त्यांनी गाठ सोडली. आत लाडू. लहानमोठे, काही चपटे, एकदोन भाजून काळे पडलेले. जीएस बघत राहिले. मग त्यांनी गाठोडं खालून चाचपलं, रुमाल झटकला, आजूबाजूला जमिनीवर पाहिलं.

"झाकण?" त्यांनी मला विचारलं.

मी आजींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता जीएसकडे बघत उत्तर दिलं आणि मला ते शब्दाला शब्द सांगावं लागलं. "नाव तुमच्याकडे राहू दे. झाकण माझ्याकडे आहे. नव्या घरात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. झाकणाशिवाय डबा काय कामाचा? घ्यायला यावं लागेल. मेसचं माणूस म्हणून नको. पाहुणे म्हणून या."

जीएसनी दोनदा घसा खाकरला. आम्हाला वाटलं, आता आभाराचं भाषण. ते म्हणाले, "चार्जमधलं साहित्य अपुरं जमा केलं. दंड पडेल, सांग."

मी सांगितलं.

"किती?" आजींनी विचारलं.

"दोन किलो बटाटे. सोलून."

"घेऊन या," आजी म्हणाल्या. "सोलून देते."

परतीच्या वाटेवर शशांक गाडी चालवत होता, मी शेजारी. माझा नवरा, म्हणजे पाहुणे, मागे पातेल्यांमध्ये झोपलेले. जीएस मधल्या सीटवर डबा मांडीवर घेऊन. त्यांनी एक लाडू खाऊन पाहिला. तो फुटता फुटेना, शेवटी दाढेखाली धरून फोडला. "मेधाचे मऊ असतात," ते म्हणाले आणि दुसरा घेतला.

पुढे वाटेत थांबलो तेव्हा शशांकने दुकानातून पातळ प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी विकत आणली. "जीएस, डबा उघडा आहे. हे वरून लावून घ्या, नाहीतर लाडू सांडतील."

खटावकरांनी दोन्ही तळवे पसरून डब्यावर ठेवले होते. ते त्यांनी उचलले नाहीत.

"नको," ते म्हणाले. "झाकण आहे. तिकडे आहे."